मेंदूचा निरोप आणि सांध्यांची सूज



सीआरपी म्हटलं की आपल्याला आठवते ती गट बांधणारी, बैठकीसाठी घरोघर हाका मारत फिरणारी, वहीतला हिशोब तपासणारी आपली सीआरपी ताई. पण दवाखान्यातून आलेल्या रक्ताच्या रिपोर्टावरही 'सीआरपी' अशी एक ओळ असते. कोविडच्या काळात ती बऱ्याच घरांना माहीत झाली. सांधे सुजले, संधिवाताची शंका आली, तरी डॉक्टर ही तपासणी लिहून देतात. मग बैठकीत प्रश्न येतो, "ताई, डॉक्टर म्हणाले सीआरपी वाढलाय, टेन्शन कमी घ्या. आता टेन्शनचा आणि रक्ताचा काय संबंध?"

संबंध आहे. आणि तो कसा आहे हे गेल्या पन्नासएक वर्षांत बऱ्यापैकी उलगडलंय. आजच्या पाठात तेच बघू. थोडं शास्त्र आहे, पण सरळ व्याज आणि घटत्या शिलकेवरचं व्याज यातला फरक ज्यांना तोंडपाठ आहे त्यांना हे काही अवघड नाही.

आधी त्या रिपोर्टातल्या ओळीबद्दल. सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. हे प्रथिन आपलं यकृत बनवतं. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्ताचा अभ्यास करताना ते सापडलं. अंगात कुठेही दाह सुरू झाला की काही तासांत ते वाढायला लागतं, दाह ओसरला की उतरतं. कुठे झालंय, कशानं झालंय, हे ते सांगत नाही. एवढंच सांगतं की गावात काहीतरी चाललंय, जाऊन बघा.

दाह आपण रोज बघतो, फक्त त्याला हे नाव देत नाही. बाभळीचा काटा पायात रुतला की थोड्या वेळात ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकायला लागते. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी रोममधल्या सेल्सस नावाच्या लेखकानं हीच चार लक्षणं लिहून ठेवली आणि डॉक्टरांना आजही तीच शिकवतात. काटा रुतल्या जागी रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यातून पाणी झिरपतं, पांढऱ्या पेशी धावत येतात. त्यातल्या काही पेशी जंतूंना गिळतात. पाठ्यपुस्तकात त्यांना महाभक्षक पेशी म्हणतात, आपण राखणदार म्हणू. राखणदार जंतू दिसताच ओरडतो आणि इतरांना बोलावतो. त्याचं ओरडणं म्हणजे त्यानं रक्तात सोडलेली रसायनं. त्यातल्या एकाचं नाव लक्षात ठेवा, टीएनएफ. पुढे ते परत येणार आहे.

हे ओरडणं गरजेचंच आहे. दाह झाला नाही तर साधा काटासुद्धा जीवावर बेतेल. पण काम झाल्यावर राखणदारानं गप्प बसायला हवं. तो गप्प बसला नाही, किंवा घरच्याच माणसाला चोर समजून काठी घेऊन मागे लागला, तर कुंपणच शेत खातं. आमवात, ज्याला डॉक्टर रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, तो असाच आजार. यात आपल्याच पांढऱ्या पेशी आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडतात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो दोन-तीन पट जास्त आढळतो. उतारवयात गुडघ्याची झीज होते ते दुखणं वेगळं, हे वेगळं. दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सुजणं, सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास मूठ न वळणं, भाकरी थापता न येणं, आणि हे सहा आठवड्यांच्या वर चालू राहणं, अशी लक्षणं असतील तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. लवकर उपचार सुरू झाले तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात.

आता प्रश्न असा, की राखणदाराला "ओरड" आणि "पुरे" हे सांगतं कोण? बराच काळ शास्त्रज्ञांची समजूत अशी होती की पांढऱ्या पेशी आपल्या आपण काम करतात, मेंदूचा त्यात हात नाही. ही समजूत चुकीची होती. त्याचा पुरावा आपल्या स्वयंपाकघरातच आहे.

उन्हाळ्यात वर्षाचं तिखट करायचं म्हणून पाच किलो मिरच्यांची देठं काढायला बसलं की संध्याकाळी हात कसे होतात? लालभडक, गरम, आग आग. थोडी सूजही येते. म्हणजे दाहाची सगळी लक्षणं. पण काटा नाही, जखम नाही, जंतू नाही. मग झालं काय? मिरचीतलं कॅप्सेसिन नावाचं द्रव्य कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांना चिकटलं. मज्जातंतूला वाटलं, भाजलं! त्यानं मेंदूकडे वेदनेचा निरोप पाठवला आणि त्याच वेळी आपल्या टोकातून जागच्या जागी काही रसायनं सोडली. त्यातल्या एकाचं नाव सबस्टन्स पी. त्या रसायनांनी रक्तवाहिन्या रुंदावल्या, पाणी झिरपलं, पेशी जाग्या झाल्या. दाह लावला तो मज्जातंतूनं.

हंगेरी देशातही मिरचीचं पीक मोठं आहे. तिथल्या सेगेद शहरात मिक्लोश यान्चो नावाच्या शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात दाखवून दिलं की कातडीचा मज्जातंतू तोडून टाकला आणि तो सुकून गेला, तर तिथं मिरचीसारखं झोंबणारं द्रव्य लावूनही लाली येत नाही. पुढे अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांनी कॅप्सेसिन मज्जातंतूच्या नेमक्या कोणत्या कुलपाला लागतं ते शोधलं. तेच कुलूप कढत उष्णतेनंही उघडतं, म्हणून तर तिखटाची आग 'आग' वाटते. या शोधाचा वाटा धरून त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. (जाता जाता, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून हात पाण्यानं खळाखळा धुण्याआधी तेल चोळा, मग साबण लावा. आणि बाळाला घ्यायच्या आधी हे दोनदा करा.)

हा निरोप झाला कातडीपुरता. मेंदूपासून पोटापर्यंतचा निरोप कसा जातो त्याची गोष्ट जास्त रंजक आहे.

मेंदूच्या तळापासून एक लांबलचक मज्जातंतू निघतो, गळ्यातून खाली उतरतो, हृदयाला, फुप्फुसांना, जठराला, आतड्यांना फाटे देत पोटात जातो. त्याचं नाव व्हेगस. लॅटिन भाषेत व्हेगस म्हणजे भटकणारा. १९२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ऑटो लोवी यांनी बेडकाचं धडधडतं हृदय पाण्यात ठेवून त्याच्या व्हेगसला विजेचा हलका झटका दिला. हृदय मंदावलं. मग त्याच भांड्यातलं पाणी घेऊन त्यांनी दुसऱ्या बेडकाच्या हृदयावर घातलं. त्या हृदयाला कोणी झटका दिला नव्हता, तरी तेही मंदावलं! म्हणजे मज्जातंतू नुसती वीज पाठवत नव्हता, पाण्यात काहीतरी सोडत होता. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. या प्रयोगाची कल्पना आपल्याला झोपेत, स्वप्नात सुचली असं लोवी सांगत. १९३६ चं नोबेल त्यांना हेन्री डेल यांच्यासोबत विभागून मिळालं.

आता साठेक वर्षं पुढे या. न्यूयॉर्कजवळ केव्हिन ट्रेसी नावाचे मेंदूचे सर्जन आहेत. १९८५ मध्ये त्यांच्याकडे कढत पाण्यानं भाजलेली अकरा महिन्यांची मुलगी आली. काही आठवडे झगडून ती बरी होतेय असं वाटत असतानाच अचानक गेली. जखमा भरत होत्या, पण अंगभर दाह उसळला होता. तेव्हापासून ट्रेसी टीएनएफच्या मागे लागले. नव्वदच्या दशकात ते दाह कमी करणाऱ्या एका औषधाचा उंदरांवर प्रयोग करत होते. औषधाचा अगदी थेंबभर अंश मेंदूत दिला, तर टीएनएफ नुसतं मेंदूतच नव्हे, सगळ्या अंगात उतरलं. एवढासा थेंब रक्तातून सगळीकडे पोचणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी व्हेगस कापून बघितला. परिणाम थांबला! निरोप रक्तातून जात नव्हता, तारेवरून जात होता. २००० मध्ये हे छापून आलं.

ती तार नेमकी कुठे जोडलीय, हे पुढच्या दहा वर्षांत कळलं. आपल्याकडे हिवतापानं "पाणथरी वाढली" असं म्हणतात ना, ती पाणथरी, म्हणजे प्लीहा. डाव्या बाजूला बरगड्यांखाली असते. ती पांढऱ्या पेशींची छावणीच आहे. १९८० च्या दशकातच डेव्हिड फेल्टन यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं होतं की पाणथरीत मज्जातंतूंची टोकं पांढऱ्या पेशींना अगदी खेटून आहेत. व्हेगसमधून निघालेला निरोप पाणथरीच्या मज्जातंतूपर्यंत पोचतो. तो नॉरॲड्रेनलिन सोडतो. ते एका जातीच्या पांढऱ्या पेशींना लागतं आणि त्या चक्क स्वतःच ॲसिटिलकोलीन बनवून सोडतात. ते राखणदाराच्या अंगावरच्या कुलपात बसतं आणि राखणदार टीएनएफ सोडणं कमी करतो. आपल्या प्रभागसंघाकडून ग्रामसंघ, ग्रामसंघाकडून गट, गटाकडून घरी असा निरोप जातो, तसंच.

याचा उपयोग? २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं आमवाताच्या मोठ्या माणसांसाठी एक छोटं यंत्र मंजूर केलं. ते मानेत व्हेगसवर बसवतात आणि ते रोज एक मिनिट झटके देतं. ज्यांना औषधांचा गुण येत नाही त्यांच्यासाठीच ते आहे. आपल्या गावात ते कधी येईल तेव्हा येईल. पण मेंदू आणि सूज यांच्यामध्ये खरीखुरी तार आहे, हे सांगायला त्याच्याइतका ठळक पुरावा नाही.

ही झाली "पुरे" सांगणारी तार. दुसरी तार घाईची.

रात्रपाळीच्या लायटीत पिकाला पाणी द्यायला गेलात आणि बॅटरीच्या उजेडात समोर नाग. काय होतं? काळीज धडधडतं, तोंड कोरडं पडतं, घाम सुटतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात, मज्जातंतूंची टोकं नॉरॲड्रेनलिन सोडतात. त्याच क्षणी पाणथरीतून पांढऱ्या पेशी रक्तात उतरतात, कारण आता जखम होण्याची शक्यता आहे. काही मिनिटांनी त्याच टोपीसारख्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. कॉर्टिसॉल राखणदारांना आवरतं, दाह हाताबाहेर जाऊ देत नाही. नाग निघून गेला, तुम्ही बांधावर बसून पाणी प्यायलात, सगळं जागेवर आलं. हे शरीराचं शहाणपण आहे. असं टेन्शन वाईट नाही.

पण नाग रोजच घरात असेल तर? पाऊस नाही, फायनान्सवाल्याचा हप्ता सोमवारी, नवरा पिऊन येतोय, मुलीचं लग्न ठरत नाही. तेव्हा कॉर्टिसॉल महिनोन्‌महिने चढंच राहतं. मग पेशी त्याचं ऐकेनाशा होतात. सोलापुरात गिरण्या चालू होत्या तेव्हा गिरणीजवळ राहणाऱ्यांना भोंग्यानं जाग येईनाशी व्हायची म्हणतात, तसं. भोंगा वाजतोय, पण ऐकणारा झोपलेला. मग "पुरे" म्हणणारं कोणी उरत नाही आणि बारीक दाह आत धुमसत राहतो. शेल्डन कोहेन यांनी ३९४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब टाकले; तो अभ्यास १९९१ मध्ये छापून आला. ज्यांच्या मनावर ताण जास्त होता त्यांना सर्दी जास्त झाली. २०१२ मध्ये त्यांनीच दाखवलं की दीर्घ ताणातल्या माणसांच्या पेशी कॉर्टिसॉलचं नीट ऐकत नाहीत, आणि अशांनाच सर्दी जास्त पकडते.

मला मात्र यातला सगळ्यात लक्षात राहणारा अभ्यास वाटतो तो जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर यांचा. त्यांनी १९९५ मध्ये तेरा बायका निवडल्या. सगळ्या घरात स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या. त्यांच्याच वयाच्या आणि तेवढ्याच उत्पन्नाच्या दुसऱ्या तेरा बायका घेतल्या, ज्यांच्यावर असा भार नव्हता. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढी, एकसारखी जखम केली आणि ती कशी भरते ते बघितलं. भार नसलेल्यांची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली. सेवा करणाऱ्यांची भरायला ४८ दिवसांच्या वर लागले. नऊ दिवसांचा फरक! खाणंपिणं, वय, पैसा यात फारसा फरक नसताना.

पुढे २००५ मध्ये त्यांनी ४२ जोडप्यांवर असाच अभ्यास केला. एकमेकांशी टोचून, तुच्छतेनं बोलणाऱ्या जोडप्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतर जोडप्यांच्या साठ टक्केच भरला. सासू-सासऱ्यांचं अंथरुणावरचं सगळं करणारी सून, रोज शिव्या ऐकणारी बाई, यांना आपण "सहन करते बिचारी" म्हणतो. ते सहन करणं कातडीत मोजता येतं.

पण इथंच एक धोका आहे आणि त्याबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. बाईनं दुखणं सांगितलं की "मनाचं आहे, टेन्शन घेते फार" म्हणून तिला परत पाठवायची रीत जुनी आहे. घरीही आणि दवाखान्यातही. वरचं सगळं वाचून कोणी असं म्हणेल की बघा, शास्त्रच सांगतंय टेन्शननं होतं. तर नाही. शास्त्र सांगतं की मनाचा ताण दाहात भर घालतो, आणि दाह खरा असतो, रक्तात दिसतो, सांधे कुरतडतो. त्याला औषध लागतं. ताण कमी करणं हे औषधाच्या जोडीला, औषधाच्या जागी नाही. सीआरपी वाढलेला दिसला की पुढची तपासणी मागा. "टेन्शन घेऊ नका" हा सल्ला पुरेसा समजू नका.

कॉर्टिसॉलचं अजून एक प्रकरण आहे आणि ते आपल्या गावागावात पोचलंय.

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर आमवाताच्या रुग्णांना तपासत असत. त्यांच्या लक्षात आलं होतं की गरोदरपणात आणि कावीळ झाल्यावर बायकांचे सांधे दुखायचे थांबतात. (तुमच्यापैकी कोणाला दिवस गेले तेव्हा हातांना आराम पडला आणि बाळंतपणानंतर दुखणं परत आलं, असं झालं असेल तर ते मनाचे खेळ नव्हते.) मग शरीरातच काहीतरी गुणकारी बनत असणार, असं त्यांनी धरलं. त्यांचे सहकारी एडवर्ड केंडल यांनी त्या टोपीसारख्या ग्रंथींमधली द्रव्यं वेगळी केली होती. त्यातल्या एकाची इंजेक्शनं एका २९ वर्षांच्या बाईला दिली. जिला अंथरुणात कूस बदलता येत नव्हती ती आठवडाभरात चालत बाजारात गेली. जगभर चमत्कार म्हणून गाजलं. ते द्रव्य म्हणजे कॉर्टिसोन. १९५० चं नोबेल या दोघांना आणि राईकस्टाईन यांना मिळालं. पण थोड्याच महिन्यांत दिसलं की औषध थांबवलं की दुखणं परत येतं, आणि चालू ठेवलं तर चेहरा सुजतो, मन बिघडतं, हाडं ठिसूळ होतात.

आज याच जातीच्या औषधांना स्टेरॉइड म्हणतात. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही त्यांची नावं. दमा, आमवात, जिवावरची ॲलर्जी अशा आजारात डॉक्टर ती मोजून देतात आणि ती जीव वाचवतात. दम्याचा पंप ओढणाऱ्या सख्यांनी हे वाचून पंप सोडू नये. पण बाजारच्या दिवशी मिळणारी "एका दिवसात गुण" देणारी गोळी, कागदात बांधून दिलेली गुडघेदुखीची पुडी, पाटीवर "शंभर टक्के आयुर्वेदिक" लिहिलेली पण सायंकाळपर्यंत नाचायला लावणारी पूड, यात बऱ्याचदा हेच स्टेरॉइड असतं. गुण येतो, कारण राखणदारांची तोंडं एकदम बांधली जातात. मग वर्षभरात चेहरा गोल होतो, वजन वाढतं, साखर आणि बीपी चढतं, मोतीबिंदू होतो, पडल्यावर हाड मोडतं, दबून राहिलेला टीबी उठतो. राखणदार बांधलेला असल्यावर चोराला रान मोकळंच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: अशी गोळी बरेच महिने घेत असाल तर आजपासून एकदम बंद करू नका! बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर आपल्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवतात. गोळी अचानक तोडली तर अंगात अजिबात कॉर्टिसॉल उरत नाही. उलट्या, चक्कर, बीपी उतरणं, बेशुद्धी, प्रसंगी मृत्यू. गोळी घेऊन ग्रामीण रुग्णालयात किंवा सोलापूरला सिव्हिलमध्ये जा, डॉक्टरांना दाखवा. ते हळूहळू कमी करून देतील.

आता मिश्रीबद्दल. विषय नाजूक आहे, पण आपल्या भागात तो टाळून चालणार नाही.

राखणदाराच्या अंगावर ॲसिटिलकोलीनचं कुलूप असतं असं वर म्हटलं. त्या कुलपाचं शास्त्रीय नाव 'निकोटिनिक' आहे, कारण तंबाखूतलं निकोटिन ही त्याची बनावट किल्ली आहे. मेंदूत तेच कुलूप, म्हणून तलफ. म्हणून मिश्री लावल्यावर दाढ थोडा वेळ शांत वाटते आणि "मिश्रीनं दात दुखायचा थांबतो" ही समजूत टिकते. पण बनावट किल्ली एकट्यानं येत नाही. तंबाखू तव्यावर भाजताना कर्करोग करणारी द्रव्यं तयार होतात आणि ती हिरडीवर घासली जातात. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदवही. गरोदर बाईचं निकोटिन तर थेट बाळाला पोचतं. मुंबईत १२१७ बायकांवर झालेला अभ्यास २००४ मध्ये छापून आला. मिश्रीसारखी तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी होती. विडी वळणाऱ्या सख्यांना तर तोंडात काही न घालताही निकोटिन मिळतं, धुरळ्यातून आणि बोटांच्या कातडीतून. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. रजनी भिसे आणि सहकाऱ्यांनी तंबाखूवर काम करणाऱ्या कामगारांच्या लघवीत त्याची खूण मोजली आहे. काम सोडा असं इथं बसून सांगणं सोपं आहे, ते मी सांगणार नाही. पण सूप पोटाशी घेऊन तान्ह्याला पाजू नका, जेवणाआधी हात कोपरापर्यंत साबणानं धुवा, खोलीची खिडकी उघडी ठेवा.

सेरोटोनिन, डोपामिन ही नावंही तुम्ही ऐकली असतील. मेंदूतले हे निरोपेसुद्धा पांढऱ्या पेशींशी बोलतात. सेरोटोनिन तर नव्वद टक्क्यांच्या वर आतड्यात बनतं. त्यांचा पाठ पुन्हा कधीतरी.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ही वाट दोन्ही बाजूंनी चालते. ताप आला की कोणाशी बोलू नये वाटतं, जेवण नको होतं, आवडती मालिकासुद्धा नकोशी होते, नुसतं पडून राहावंसं वाटतं. ते जंतूंमुळे नाही, राखणदारांनी सोडलेली रसायनं मेंदूपर्यंत पोचतात म्हणून. शरीर सांगतंय, आता आराम. पण दाह महिनोन्‌महिने चालला तर तीच उदासी मुक्कामाला येते. पूर्वी काविळीच्या एका जातीवर इंटरफेरॉन नावाचं, पांढऱ्या पेशींचंच रसायन औषध म्हणून देत. त्यातल्या बऱ्याच रुग्णांना खोल उदासी आली. तेव्हा आमवाताची बाई चिडचिडी झाली, गप्प झाली, तर तिला "सांधे दुखतात तर काम करू नको, पण तोंड तरी हसरं ठेव" असं म्हणू नये. तिचा मेंदूही त्याच आजारात आहे.

करायचं काय, हे विचाराल. बसल्या जागी एक करून बघा. दोन बोटं मनगटावर नाडीवर ठेवा आणि सावकाश श्वास घ्या, त्याहून सावकाश सोडा. सोडताना ठोके किंचित संथ होतात, घेताना किंचित जलद. तरण्या मुलींना हे जास्त स्पष्ट कळेल. संथ करणारा तो व्हेगस, लोवींच्या बेडकातला तोच, आणि तेच ॲसिटिलकोलीन. लोणावळ्याला १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं ते योगाचे परिणाम यंत्रांनी मोजून बघायलाच. दहा मिनिटं संथ श्वासानं जीव थाऱ्यावर येतो, झोप बरी लागते. त्यानं आमवात बरा होतो असं कोणी शिबिरात सांगितलं तर मात्र पैसे भरू नका.

झोप ही दुसरी गोष्ट. रात्री दोन-तीन तास झोपून पहाटे उठणाऱ्या बाईच्या रक्तात दाहाच्या खुणा वाढतात. घरात सगळ्यात शेवटी झोपून सगळ्यात आधी उठणं याचं कौतुक आपण आता आवरलेलं बरं. चालणं, हातपाय हलते ठेवणं याचा फायदा आहे, पण दिवसभर खुरपणाऱ्या बाईला "व्यायाम करा" सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. तिला विश्रांती हवी.

मन फार जड झालं असेल, झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. घरात मारहाण होत असेल तर १८१.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला येताना घरातल्या दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं, रिकामी असली तरी, घेऊन या. पुडी असेल तर पुडी आणा. पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं, शाळकरी मुलींना वाचायला बसवा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी काही निघालं, किंवा पुडीवर काहीच नाव नसेल, तर ते वेगळं काढून ठेवा आणि कोण किती महिन्यांपासून घेतंय ते लिहून घ्या. ती यादी घेऊन आशाताईंबरोबर आरोग्य केंद्रात जायचं.